उबळ आणि बंद दार

शहापूरहून किन्हवली, सरळगावमार्गे मुरबाडला येणाऱ्या एस.टी.त मी खिडकीजवळची जागा धरते. हवा लागावी म्हणून नव्हे, तोंड बाहेर वळवता यावं म्हणून. माझे डोळे मध्येच घट्ट मिटतात, डावा खांदा कानापर्यंत उडतो आणि घशातून ‘हुं’ असा आवाज निघतो. दिवस बरा असेल तर तासाला चार-पाच वेळा. वाईट असेल तर मोजण्यात अर्थ नसतो. माझं वय एक्केचाळीस, आणि हे सातव्या वर्षापासून चालू आहे. माहेर शहापूर, सासर मुरबाड. त्यामुळे या दोन तालुक्यांत मला ओळखणारे थोडे आणि माझ्याबद्दल काहीतरी ठरवून बसलेले पुष्कळ.

अब्बांनी सुरुवातीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा लागला, डोळे मिटायचे थांबले नाहीत. मग घशाचा आवाज सुरू झाला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी निदान केलं: सावली पडलीय, आसेब आहे. एका आमिलाने मला मिरचीची धुरी दिली. खोकून खोकून मी अर्धमेली झाले आणि त्या थकव्यात खांदा उडायचा तासभर थांबला, म्हणून इलाज लागू पडला असं सगळ्यांनी मानलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मग ‘मुद्दाम करते’ असं ठरलं आणि मार बसला. मी माझ्या माणसांना दोष देत नाही, त्यांना कुणी वेगळं काही सांगितलंच नव्हतं. आज अशी धुरी देणं हा गुन्हा आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सरळ लिहिलेलं आहे, आणि तो कायदा मांत्रिकाला जेवढा लागू तेवढाच आमिललाही.

आजाराचं खरं नाव मला तेहतिसाव्या वर्षी कळलं. ठाण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी अर्धा तास बसवून ऐकलं आणि म्हणाल्या, “हे टुरेट आहे. तुम्ही वेड्या नाही आणि खोटारड्याही नाही.” मी दवाखान्यातच रडले. नाव फ्रेंच डॉक्टरचं आहे, जॉर्ज जिल द ला टुरेट. त्याने १८८५ साली नऊ रुग्णांची माहिती लिहून काढली होती. शरीराच्या हालचालींच्या टिक्स आणि आवाजाची निदान एक टिक, दोन्ही अठराच्या आत सुरू झालेल्या आणि वर्षाहून जास्त टिकलेल्या असतील तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. यातलं एकच असेल तर नाव वेगळं, कुटुंब तेच. बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होतं, दहा-बारा वर्षांचे असताना कळस गाठतं आणि पुढे कमी होत जातं. ज्यांचं कमी होत नाही ते माझ्यासारखे मोठेपणी घेऊन फिरतात. सिनेमात दाखवतात तशी शिवी तोंडातून निघण्याचा प्रकार थोड्याच जणांत असतो. २०१८ साली राणी मुखर्जीचा ‘हिचकी’ आला तेव्हा माझ्या नणंदेने मोबाईलवर पाहून मला विचारलं, “भाबी, हे तुमचंच आहे ना?” माझ्या सासरच्या घरात या विषयावर झालेलं ते पहिलं बोलणं. हिंदी सिनेमाचे पुष्कळ अपराध मी त्या एका प्रश्नासाठी माफ केले आहेत.

बाईला डोळ्यांची टिक असणं म्हणजे काय, हे पुरुषांना समजणं कठीण आहे. मी अकरावीत असताना शहापूरच्या स्टँडवर एका मुलाने मित्रांना सांगितलं की ती मला डोळा मारते. दोन दिवसांत ते घरी पोचलं. कॉलेज तिथेच संपलं. लग्न ठरवताना टिक लपवली गेली. बघायला आलेल्या लोकांसमोर मी वीस मिनिटं ती दाबून धरली, ते गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन दीड तास अंग उडत राहिलं. दाबता येते म्हणूनच लोकांना वाटतं की ती आमच्या हातात आहे. लघवी थोडा वेळ रोखता येते, म्हणून ती आपल्या मर्जीने होते असं कुणी म्हणत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. टिकच्या आधी एक जाणीव होते. डोळ्यांच्या मागे वाळू साचल्यासारखी, खांद्यात काहीतरी अडकल्यासारखी. ती वाढत जाते आणि टिक केली की क्षणभर सुटका होते. डॉक्टरी भाषेत तिचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. मराठीत तिला आधीपासून शब्द आहे: उबळ. खोकल्याची येते तशी. टिक्सवरचा जो मानसोपचार आज जगभर सर्वांत भरवशाचा मानतात, तो या उबळीवरच बेतलेला आहे. अझ्रिन आणि नन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याचा पाया घातला. उबळ आली की टिकच्या उलट जाणारी दुसरी हालचाल करायची, ती ओसरेपर्यंत धरून ठेवायची. खांदा वर उडणार असेल तर कोपर अंगाशी दाबून खांदा हळू खाली ओढायचा. मला डॉक्टरबाईंनी हे दोन भेटींत शिकवलं. खांद्यासाठी उपयोग झाला, डोळ्यांसाठी फारसा नाही.

दुसरा रस्ता सजगतेच्या प्रशिक्षणाचा. इथे उबळीशी कुस्ती खेळायची नाही. ती आली आहे हे ओळखायचं, कुठे आहे, केवढी आहे, वाढते की उतरते हे बघत बसायचं, आणि टिक झालीच तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दुखण्याने जेरीला आलेल्या रुग्णांसाठी असा वर्ग सुरू केला. त्यावरून हॅना रीज या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिक्स असलेल्यांसाठी वर्ग बेतला आणि २०१५ साली त्याचे निष्कर्ष छापले. १६ ते ६७ वर्षांची १८ माणसं होती. १७ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले, त्यांतल्या १० जणांना ठळक फरक पडला, आणि महिन्याभराने पाहिलं तेव्हाही तो टिकून होता. नंतर हेच प्रशिक्षण व्हिडिओ कॉलवरून देऊन लहान प्रमाणात तुलनाही करून पाहिली गेली. अठरा माणसांवरून कुणी डंका पिटू नये, मीही पिटत नाही. पण गोळीने दिवसभर झोप येत असेल आणि गोळी सोडली तर खांदा उडत असेल, तर बसल्या जागी शिकता येणारी, दुष्परिणाम नसल्यात जमा अशी गोष्ट कुणाला नको आहे?

आमच्या भागासाठी तर ही चालून आलेली संधीच वाटते. मुरबाड तालुक्याला अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकते आहे. टिक्स समजणारा मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर कल्याण, ठाणे किंवा मुंबई. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या माणसाचा एका भेटीत अख्खा दिवस आणि मजुरी जाते. मग आठ आठवडे, दर आठवड्याला? त्यापेक्षा घरबसल्या मोबाईलवर.

मी हे करून पाहिलं. टिक्ससाठीचा खास नव्हे, ताणतणावासाठीचा साधा ऑनलाइन वर्ग. आठ रविवार, सकाळी दोन तास. चालवणारी संस्था शहरातली, शिकवणाऱ्या बाई गोड स्वभावाच्या, भाषा निम्मी इंग्रजी, निम्मी हिंदी. पहिल्याच रविवारी त्या म्हणाल्या, “अशी खोली निवडा जिथे तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. दार बंद करा.”

आमच्या घरात दोन खोल्या आणि पडवी. माणसं सात. दार आहे, पण बंद करायचं दार नाही. दिवसा सून दार लावून बसली तर त्याचा अर्थ काय काढतात हे मला इथे लिहावं लागू नये. मी शिलाई मशीनच्या मागे, कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात बसले. कानात मुलाचे इअरफोन. समोर सासूबाई तांदूळ निवडत होत्या, जाऊबाईंचा धाकटा दर पाच मिनिटांनी ‘चाची, काय बघते?’ म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालत होता. बाई सांगत होत्या की शरीरात काय चाललंय ते बघा. शरीरात काय चाललं होतं? समोरच्यांना दिसू नये म्हणून मी टिक दाबून धरली होती. म्हणजे जे शिकायला बसले त्याच्या बरोबर उलटं करत होते, तेही फी भरून.

तिसऱ्या रविवारी शांत बसण्याच्या वेळी माझा माइक चालू राहिला. माझा ‘हुं’ तीसेक लोकांच्या कानात गेला. कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, “ज्यांच्याकडे आवाज आहे त्यांनी प्लीज म्यूट करा.” त्यांचा काही दोष नव्हता, मी सांगितलंच नव्हतं. पाचव्या रविवारी रेंज गेली ती वर्ग संपेपर्यंत आली नाही. सहाव्याला मी बसले नाही. शिकवणारीला वाटलं असेल की गावाकडच्या लोकांचा उत्साह टिकत नाही.

याच तालुक्यातलं धसई २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. वडापाववाल्याकडेही कार्ड चालतं अशा बातम्या आल्या, कॅमेरे आले. मला त्या गावाची थट्टा करायची नाही, माझे नातेवाईक आहेत तिथे. पण एखादी गोष्ट ऑनलाइन केली की ती गावात पोचली, असं समजून टाळ्या वाजवायची सवय तेव्हापासून ओळखीची आहे. पैशाच्या व्यवहाराला निदान एकांत लागत नाही. या प्रशिक्षणाला तोच लागतो. रेंज, मोबाईल, डेटा यांच्याबद्दल सगळे बोलतात. खोलीबद्दल कुणी बोलत नाही. ज्याच्या तोंडून नकळत आवाज निघतो त्याला खोली सर्वांत जास्त हवी, आणि ती मिळण्याची शक्यता त्यालाच सर्वांत कमी. पुरुष निदान शेतावर, तलावाकाठी जाऊन बसू शकतो. माझी ओळखीची एक आदिवासी मुलगी आहे, शहापूर तालुक्यातल्या पाड्यावरची. तिची मान झटका खाते. ती डोंगरावर लाकडं आणायला जाते तेव्हा मनसोक्त मान उडवून घेते, असं तिने मला सांगितलं. तिला हे कुणीही शिकवलेलं नाही.

भाषेची गोष्ट याच्याइतकीच मोठी आहे. आमच्या घरी कोकणी बोलतात, मुलं मराठी शाळेत जातात, मशिदीत आणि मदरशात उर्दू, मोबाईलवर हिंदी. इंग्रजी आम्ही वाचतो ती औषधाच्या पाकिटावर. स्वतःच्या अंगात काय होतंय हे बघायला सांगायचं, आणि ते परक्या भाषेत? बाई म्हणायच्या, ‘नॉन-जजमेंटल’ राहा. मी चार रविवार त्याचा अर्थ ‘जजसारखं गंभीर राहू नका’ असा लावला होता. पुढे मी स्वतःच्या मनाशी ते कोकणीत बसवलं: उबळ आली, येऊं दे, बघ, गेली. एवढं सापडल्यावर शिवताना, एस.टी.त, भाकरी थापताना मला जमायला लागलं. आजही दहापैकी तीन-चार उबळी येऊन टिक न होता जातात. हे मी वहीत टिपून ठेवलेलं आहे, उगाच सांगत नाही.

आता आपल्या वाचकांतल्या काहींच्या मनात येईल ते आधीच बोलून टाकते. हे ध्यानबिन आपल्यात चालतं का? माझ्या सासऱ्यांनीही हाच प्रश्न विचारला. कसाऱ्याचा घाट चढला की इगतपुरी, तिथे १९७६ पासून विपश्यनेचं मोठं केंद्र आहे. आपल्या गावातले काही लोक तिथे दहा दिवस मौन पाळून आले आहेत, आणि सजगतेच्या प्रशिक्षणाची मुळं बौद्ध ध्यानात आहेत हे खरंच आहे. कबात-झिन यांनी ती लपवली नाहीत, फक्त दवाखान्यात शिकवताना पूजा-प्रार्थना बाजूला ठेवली. श्वासाला धर्म विचारायचा असेल तर युनानी, ॲलोपथी आणि बीजगणितालाही विचारावा लागेल. तसबीह हातात घेऊन एकेका दाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या, सूफींच्या मुराकब्याचं नाव ऐकलेल्या माणसाला ‘लक्ष भरकटलं, परत आण’ ही कसरत अगदी अनोळखी वाटू नये. मात्र हे नमाजच आहे किंवा नमाजेने टिक बरी होते, असंही मी म्हणणार नाही. तेही तितकंच चूक. उलट, कित्येक वर्षं नमाजेत खांदा उडाला म्हणून मी तीच रकात पुन्हा पुन्हा पढत राहिले. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना शेवटी विचारलं. ते म्हणाले, “बेटी, जे तुझ्या हातात नाही त्याचा हिशेब तुझ्याकडून नाही.” हेच वाक्य जुम्याला सगळ्यांसमोर बोलाल का, असं मी विचारलं. ते थोडे थांबले, आणि बोलले. त्या शुक्रवारनंतर माझ्याकडे तीन बाया आल्या. दोघींच्या मुलांना टिक्स आहेत. तिसरीला स्वतःला.

म्हणून मला वाटतं, हे प्रशिक्षण या दोन तालुक्यांत आणायचं तर ते ऑनलाइन असावं, पण घरबसल्या नको. शिकवणारा लांबचा असू दे, बसणारे एका खोलीत बसू देत. खोल्या आपल्याकडे आहेत. मशिदीच्या बाजूची मदरशाची खोली दुपारी रिकामी असते. वाचनालयं आहेत, ग्रामपंचायतीचं सभागृह आहे, प्राथमिक आरोग्य केंद्राचा वरांडा आहे. एक मोठा पडदा किंवा नुसता स्पीकरवरचा फोन, एकच जोडणी, पाच-सहा माणसं, एक दार. एका खोलीत सगळ्यांनाच टिक्स असतील तर म्यूट करा म्हणायची वेळ येत नाही. एकाची टिक बघून दुसऱ्याची वाढते हे खरं आहे, आमच्यात ते होतं. पण ती वाढलेली बघत बसणं हाच तर धडा आहे.

व्हिडिओचाही हट्ट कशाला? आपल्या सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, साध्या फोनवरून लागते आणि मराठीत बोलता येतं. ती एकट्याच्या अडचणीसाठी आहे. तिच्याच धर्तीवर टिक्ससाठी आठ आठवड्यांचा मराठी, फोनवर ऐकता येईल असा पाठ तयार करणं अशक्य नाही. इंग्लंडमध्ये ९ ते १७ वर्षांच्या २२४ मुलांवर टिक्सच्या ऑनलाइन वर्तनोपचाराची मोठी चाचणी झाली आणि २०२१ साली तिचे चांगले निष्कर्ष आले. तिथे मुलांच्या आईबापांनाही सोबत शिकवलं गेलं. आपल्याकडे आईबापांच्या सोबत सासूलाही घ्यावं लागेल. मी हे विनोदाने लिहीत नाही. घरातली वडीलधारी बाई ‘कर गं, मी मुलाला बघते’ म्हणाली तरच सुनेला दुपारचा तास मिळतो.

गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दवा आणि दुआ असा कार्यक्रम चालतो. दर्ग्याचे मुजावर येणाऱ्या दुखणेकऱ्याला दुआही देतात आणि शेजारीच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडेही पाठवतात. एरवाडीला २००१ साली साखळदंडांत बांधलेली २८ माणसं आगीत जळून मेली, तो धडा सगळ्या देशाने घेतला असं मला वाटत नाही, पण उनाव्यात काहींनी घेतला. आपल्या तालुक्यांतल्या आमिलांशी असं बोलणं कुणी करून पाहिलंय? मला धुरी देणारे आता म्हातारे झाले आहेत. गेल्या वर्षी एका लग्नात भेटले. मी त्यांना आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि नातवाच्या मोबाईलमध्ये लिहून घेतलं. माफी वगैरे मागितली नाही. पण महिन्याभराने त्यांनी एका मुलाला माझ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

एक गोष्ट पुन्हा सांगते, कारण आमच्याकडे नवीन इलाज ऐकला की जुना सोडायची घाई असते. आधी डॉक्टर. फिट, थायरॉईड, औषधांचा परिणाम, कशामुळेही झटके येऊ शकतात, ते तपासून घ्यायचं. सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि सजगतेच्या नावाने मोठी फी घेऊन ‘टिक कायमची घालवतो’ म्हणणारा भेटला तर तो आमिलच समजायचा, लॅपटॉपवाला.

मदरशाची खोली आम्हाला मिळाली आहे. दुपारी अडीच ते साडेतीन, शुक्रवार सोडून. शुक्रवारी जुमा असतो आणि दुरुस्तीसाठी लाइटही बंद असते. सध्या चार बाया आणि एक कॉलेजचा मुलगा. तो दाराजवळ, पाठ करून बसतो. त्याच्या आईला तेवढं चालतं. डॉक्टरबाई पंधरा दिवसांतून एकदा फोनवर येतात, मधल्या वेळी मी वहीतून वाचून दाखवते. सतरंजी मी घरून नेते. पाड्यावरच्या मुलीला यायचं आहे, पण तिची गाडी शेवटच्या वळणावर पावसात बंद होते आणि चालत यायला दोन तास लागतात. तिच्यासाठी त्या बाजूच्या आश्रमशाळेत एक खोली विचारली आहे. मुख्याध्यापक म्हणाले, अर्ज द्या. दिला आहे.